सात खटक्यांचं दार

प्रिय चिमणे,

एवढ्या मोठ्या बंडाची पुढारी झालीस, तरी तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच. तरी वाचलं. उद्या सकाळी गर्दी तुला दरबाराच्या दारापुढे उभी करणार. दार उघडेल का, असं विचारतेस. सांगतो, पण मला सरळ सांगता येत नाही, हे तुझ्या आईकडून तू पुष्कळदा ऐकलं आहेस.

रस्त्यावर बसून किल्ल्या घासणारा मी राजवाड्याचा कुलूपवाला झालो तो कानांच्या जोरावर. त्या दाराला किल्ली नाही. खरा वारस समोर उभा राहून बोलला की आतले सात खटके आपोआप पडतात आणि दार उघडतं, असं सगळे मानतात. मी मागच्या खोलीत कुलपाला कान लावून बसायचो. थोरले महाराज आले की सातही पडायचे, एकामागून एक, छान. धाकट्यांनी मात्र राज्याभिषेकाला तीनदा ‘उघड’ म्हणून फर्मावलं आणि एकही हलला नाही. बाहेर दिवाणजी खोकले. खोकल्याचा अर्थ मला कळला. वाकवलेली तार घालून मी सातही पाडले. अकरा वर्षं तुम्ही ज्याच्याशी भांडताय, तो राजा मी केलेला आहे.

त्याआधीचं एक ऐक. तू सहा वर्षांची होतीस. माझा डबा घेऊन आलीस आणि दारापुढे म्हणालीस, “बाबा, भूक लागली असेल ना तुम्हाला?” सातही पडले. मी घाबरून दार लोटलं, तुला खाऊ देऊन गप्प केलं. राजरक्त म्हणावं, तर तुझ्या आजोळी बसायला धड खुर्ची नव्हती.

तेव्हापासून डोक्यात भुंगा. काही ना काही निमित्त काढून मी एकेकाला त्या दारापुढे बोलतं करायचो. सेनापती गरजले, काही नाही. धोबीण म्हणाली, “आत कुणी अडकलंय का हो?” सात. म्हातारा माळी म्हणाला, “खिडक्या लावून घ्या, वारा सुटलाय.” सात. मग आठवलं, थोरले महाराज कधी ‘उघड’ म्हणालेच नव्हते. ते विचारायचे, “आत सगळे बरे आहात ना?” आम्हाला वाटायचं, मोठ्यांची गंमत. कुलपाला रक्ताशी देणंघेणं नाही बघ. नुसता हुकूम सोडणाऱ्याला ते बहिरं होतं, एवढंच.

तेव्हा उद्या तू बोललीस तर उघडेल, आणि लोक तुला राणी करतील. ते होऊ नये म्हणून हे पत्र. तू बाजूला उभी राहा. आधी धोबिणीला बोलू दे, मग माळ्याला, मग गर्दीतल्या कुणालाही. सगळ्यांच्या देखत सगळ्यांसाठी उघडू दे. मग कुणीतरी विचारेलच, धाकट्यांसाठी कसं उघडलं होतं? उत्तर या पाकिटात घातलंय. जपून काढ, तारेचं टोक अजून बोचतं. ती लोकांना दाखवशील तेव्हा बापाचं नाव गाळू नकोस. मी मागच्या खोलीतच असेन, रिकाम्या हातांनी.

तुझाच, दाराला कान लावून बसलेला,
बाबा