रिकामे कोंदण

प्रिय खारुताई,

तुझा निरोप फोनवर वाचला आणि उत्तर लिहायला कागद घेतला. भट्टीचे शास्त्र दोन ओळींत सांगणे मला कधी जमले आहे? "पोरीने साधा प्रश्न विचारला, आता बिचारीला अख्खा अभ्यासक्रम वाचावा लागणार," असे म्हणत तुझे बाबा चहा टाकायला गेले आहेत. टाकू देत. अभ्यासक्रम सुरू.

तू विचारतेस, होणाऱ्या नवऱ्याच्या लेकीसाठी लॉकेट करायचे आहे. तिच्या दिवंगत आईच्या अंगठीतला जांभळा अॅमेथिस्ट चांदीच्या मातीत बसवून भाजला तर चालेल का? नाही चालणार. का, ते नीट समजून घे, म्हणजे पुढे कुठलाही खडा हाती आला तरी तुझे तुलाच ठरवता येईल.

चांदीची माती ही नावाचीच माती. शुद्ध चांदीची बारीक पूड, पाणी आणि दोघांना बांधून ठेवणारा चिकट पदार्थ. भट्टीत तो पदार्थ जळून जातो, चांदीचे कण एकमेकांना घट्ट धरतात आणि सगळा दागिना आकसतो. या आकसण्यावर तर माझा जीव आहे! प्रयोगशाळेत घडवलेले माणिक घे. ते मातीत इतके खोल बसवायचे की त्याचा सर्वांत रुंद भाग पृष्ठभागाच्या किंचित खाली जाईल, वर लागलेली माती ओल्या कुंचल्याने टिपून घ्यायची. मग भट्टीत चांदी आपणहून त्याला कवेत घेते. त्यानंतर फक्त एक पथ्य. दागिना पाण्यात बुडवायचा नाही, त्याच्या वेळेने निवू द्यायचा. घाईने गार केलेला खडा तडकतो, मग तो कितीही कणखर असो.

अॅमेथिस्टचे मात्र तसे नाही. तो कदाचित फुटणार नाही, पण त्याचा जांभळा रंग उष्णतेने उडून जाईल. पिवळट, नाहीतर दुधट असा परकाच खडा तुझ्या हाती येईल. पिरोजा, ओपल, अंबर यांना तर भट्टीची वाटही दाखवायची नाही. आणि मोत्याचे मी तुला काय सांगू?

मी तुमच्या घरात आले, तेव्हा तुझे दुधाचे दात पडत होते आणि तुझ्या आईला जाऊन फार काळ लोटला नव्हता. बाबांनी मला 'आई' म्हणायला सांगितले, तर तू थेट टेबलाखाली जाऊन बसलीस. दारात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचीस, "ही माझी आई नाहीये, बाबांची बायको आहे." अचूक माहिती होती, मला काय खोडता येणार? मीच म्हटले, मावशी म्हण. तेही तू बरेच दिवस म्हणाली नाहीस. पण माझ्या कामाच्या टेबलाशी घुटमळू लागलीस. एकदा आईच्या कानातल्यातला एक मोती तू माझ्या ओल्या पदकात गुपचूप दाबलास आणि वरून मातीचा पातळ थर सारवलास. आईचा मोती चमकत बाहेर येईल, अशी तुझी खात्री होती. भट्टी उघडली तेव्हा पदकात एक खळगा होता आणि खळग्यात पांढरी भुकटी. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "तुझ्या भट्टीने माझी आई खाल्ली."

मोती कशाचा बनतो, तापल्यावर त्याचे काय होते, सगळे स्पष्टीकरण माझ्या जिभेवर तयार होते. आयुष्यात एकदाच मी ते गिळले. भुकटी एका डबीत भरून तुझ्या उशाशी ठेवली. पदक घासून स्वच्छ केले, खळग्यात चांदीची एक बारीक खुंटी उभी केली आणि ते खिडकीत ठेवून दिले. बाबा विचारायचे, "हे असं बोडकं किती दिवस ठेवणार?" मी म्हणायचे, "अजून व्हायचंय." ऋतू उलटले. मग एका दुपारी तू मूठ आवळून आलीस. "मावशी, हा दुसरा बसव. पण भट्टीत नाही घालायचा हं!" गार चांदीवर, त्या खुंटीला चिकटवून बसवलेला तो मोती आजही तुझ्या गळ्यात आहे.

तेव्हा कृती तीच. अॅमेथिस्टचे माप काटेकोर घे. शुद्ध चांदीच्या पट्टीची त्या मापाची वाटी कर. ही पट्टी मातीसारखी आकसत नाही, म्हणून माप हुकत नाही. वाटी ओल्या मातीत रोवून नुसते कोंदण भाज. पूर्ण निवल्यावर खडा आत ठेवायचा आणि वाटीचा काठ चहूबाजूंनी हलक्या हाताने त्याच्यावर दाबत आणायचा. आगीशी त्याचा संबंधच येत नाही.

एवढे तर मी फोनवरही सांगितले असते. हात कागदाकडे गेला तो तुझ्या एका वाक्यामुळे: "तिच्या बाबांनी कपाटातून काढून दिलाय, तिला माहीत नाहीये, लग्नाच्या दिवशी चकित करू." खारुताई, माप घेऊन झाले की ती अंगठी आजच्या आज पोरीच्या हातात दे. कोंदण तिला दाखव, कशासाठी केले ते एकदाच सांग आणि तिचा हात पोहोचेल अशा जागी ठेवून दे. लग्नाच्या दिवशी ते रिकामे असले तर असू दे. लोक विचारतील, तू म्हण, अजून व्हायचंय. कदाचित ती खडा कधीच आणणार नाही. तरीही तू ते तिच्यासाठी घडवलेस, हे तिला माहीत असेल. आणि निरोपाच्या शेवटी तू हळूच विचारलेस ना, ती मला काय म्हणेल? ती म्हणेल त्या हाकेला ओ दे. मला तुझ्या एकाच हाकेची सवय आहे, आणि ती ऐकू आली की अजूनही हातातले काम खाली ठेवून मी आधी तुझ्या मुठीकडे बघते.

तुझीच,
मावशी