मानिक चौकात जीभ वळेना

झाशी, रविवार

ती. अलकनंदाताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, शशिकांतचा, डाव्या हाताने नमस्कार. उजव्या हातात पेन अजून राहत नाही, म्हणून मी सांगतो आणि बकुळ लिहिते. (कंसातलं माझं.) तुझे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत उत्तम. (आठ दिवस इस्पितळात होते.)

झालं असं, की पंधरा दिवसांपूर्वी आम्ही मानिक चौकात कढई घ्यायला गेलो. दुकानदाराने भाव ऐकवला, मी त्याला सुनावायला तोंड उघडलं, तर रेल्वेत पस्तीस वर्षं घासलेली माझी हिंदी बाहेरच येईना. नुसतं बोबडं काहीतरी. तो हळूच म्हणाला, “बाबूजी, सुबह-सुबह ही?” मी रागाने कढई आपटणार, तोच ती हातातून आपोआप पडली. माझा ओठ एका बाजूला ओघळलेला पाहून बकुळने आधी घड्याळ पाहिलं. दहा वाजून दहा. नवरा कोसळतोय आणि ही वेळ बघते, मला फार वाईट वाटलं. घरी जाऊन जरा पडतो, अशा मी खुणा केल्या. (मी लक्ष दिलं नाही.) दुकानदारानेच रिक्षा बोलावली आणि मला धरून बसला.

इस्पितळात डॉक्टर मेघनाजींनी पहिलं तेच विचारलं, “कितने बजे शुरू हुआ?” स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, मेंदूच्या नसेत गुठळी होती. साडेचार तासांच्या आत पोचलो म्हणून ती विरघळवायचं इंजेक्शन देता आलं. मी खुणेने चहा मागितला, पण गिळता येतं का ते तपासेपर्यंत घोटभर पाणीही नाही. खरी भीती एकदाच वाटली, बकुळला हाक मारता येईना तेव्हा. संध्याकाळी ‘बकू’ एवढं जमलं. (दुसऱ्या दिवशी पूर्ण नाव घेऊन चहा मागितला.)

आता रोज रक्त पातळ ठेवायची, ब्लड प्रेशरची आणि कोलेस्टेरॉलची गोळी, शिवाय लक्ष्मी तालाच्या तळ्याकाठी फेरी. तंबाखू मी स्वखुशीने सोडली. (डबी मी फेकली.)

तुझा,
शशिकांत

ता. क. गेल्या आठवड्यात फोनवर तुझी जीभ दहा मिनिटं अडखळली, हात बधिर झाला, आणि तू पित्त म्हणालीस. डॉक्टर म्हणतात, आपोआप बरं वाटलं तरी तो इशाराच असतो. विचारलं की तू विषय बदलतेस, म्हणून हे पत्र. आजच दाखव.

ता. क. २ वन्सं, मी बकुळ. पत्र टपालाने नाही, फोटो काढून तुमच्या लेकाला, मकरंदला पाठवलंय. वाचून दाखवणारा तोच आहे आणि गाडी खाली उभी आहे. चपला घाला. रागवायचं ते वाटेत रागवा.