डाग इथेच आहे

आई, आज तुझ्याशी भांडायचंय. तू होतीस तेव्हा जमलं नाही. तू एका शब्दात विषय मिटवायचीस आणि मी दार आपटून आत जायचे.

मी पाच वर्षांची होते. नेरूळच्या नव्या फ्लॅटमध्ये, दिवाळीच्या आधीच्या रविवारी, शंकरपाळ्यांचं उकळतं तेल माझ्या गळ्यावर आणि खांद्यावर सांडलं. त्यानंतर घरात एकच सांगितलं जायचं, "पोरगी वांड, कढईचा कान ओढला." आत्या सांगायची, बाबा सांगायचे, तू मान हलवायचीस. मला त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं, म्हणून हळूहळू मीही तेच सांगायला लागले. जखम भरली, पण मान एका बाजूला नीट वळेना आणि गळ्यावर लालभडक, जाड व्रण उठला. तो इतका खाजायचा की वर्गात मी बाकाच्या कडेवर मान घासत बसायचे.

अकरावं लागलं तेव्हा बेलापूरच्या तुझ्या ऑफिसातल्या कुणीतरी मुंबईतल्या लेझरवाल्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "डाग पूर्ण जाणार नाही. लाली उतरेल, खाज कमी होईल, कातडी जरा मऊ पडेल." तू बाहेर येऊन बाबांना फोनवर सांगितलंस, "जाईल म्हणतात." मी शेजारीच उभी होते गं.

लेझर म्हणजे डोळ्यांवर काळा चष्मा, आणि कातडीवर कुणी रबरबँड ताणून सटासट सोडतंय असे फटके. नंतर आठवडाभर जांभळे ठिपके. ते दिसू नयेत म्हणून तू मला भर मे महिन्यात गळ्याभोवती ओढणी गुंडाळायला लावलीस. जिन्यात खालच्या काकूंनी विचारलं, "काय गं, एवढ्या उकाड्यात ओढणी?" तू म्हणालीस, "सर्दी झालीय." मी तिथंच ओढणी सोडली. "भाजलंय, काकू. लेझर चालू आहे. बघा ना जवळून." घरात शिरताच तू माझं बखोट धरलंस.

"लाज नाही वाटत?"

"मला का वाटेल? मी काय चोरी केलीय?"

"उद्या तुझ्या लग्नाचं कोण बघणार?"

"मी बघीन."

 ओढणी मी पुन्हा बांधली नाही. डॉक्टरांनी उन्हापासून जपायला सांगितलं होतं, म्हणून छत्री घेऊन फिरले. शाळेत वर्गाच्या फोटोला बाईंनी मला मागच्या रांगेत उभं केलं, तेव्हा मी पुढं येऊन मधोमध बसले.

लेझरच्या चौथ्या वेळेला वेटिंगमध्ये एक तरुण बाई होती. तिच्या मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी, हात कोपरापर्यंत भाजलेला. बाई रडत सारखी म्हणत होती, "माझंच लक्ष नव्हतं हो." तू अनोळखी माणसाशी कधी बोलायची नाहीस. त्या दिवशी उठून तिच्याजवळ बसलीस आणि म्हणालीस, "माझ्या हातून सांडलं होतं. कढई उतरवताना पकड निसटली. हिनं काही ओढलं नव्हतं."

सहा वर्षं वांड ठरलेली मी दोन खुर्च्या सोडून बसलेली. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. बाहेर पडल्यावर विचारलंस, "उसाचा रस घेणार?" मी नाही म्हटलं. पुन्हा हा विषय आपल्यात निघाला नाही.

आता खाज नाही, मान दोन्हीकडे वळते, लालीही गेली. तुझ्या तेराव्याला आत्या सगळ्यांना सांगत होती, "पोरीचा डाग घालवायला किती झटली बिचारी." मी म्हटलं, "डाग इथेच आहे, आत्या. आणि मी कढई ओढली नव्हती. ती आईच्या हातून सांडली."

"आजच्या दिवशी असं बोलतात का?"

"मी बोलते."

मला त्याचा पश्चात्ताप नाही. चूक कुणाच्याही हातून होते. ती तू पाच वर्षांच्या पोरीच्या नावावर राहू दिलीस, याचा राग आहे आणि तो राहील. माफ केलं असं लिहून हा कागद गोड करणार नाही. कागद तुझ्यापर्यंत जाणार तरी कुठं आहे.

फक्त एक. त्या दिवशी वेटिंगमध्ये मी सगळं ऐकलं होतं. उठून तुझ्याजवळ येऊन बसता आलं असतं. मी मासिकाची पानं उलटत राहिले, कारण तू रडली असतीस तर मला तुझ्यावर रागावता आलं नसतं.