उभे धागे, आडवे धागे

४ जून

दहा सेंटिमीटर जाडीचं पॅनेल – दोन पत्रे, मधे दगड वितळवून केलेली लोकर – तपासणीच्या मशीनवर ओढून पाहिलं, तर पत्रा लोकरीचा पापुद्रा घेऊन अलगद उठून आला. गोंद सुटला नव्हता. लोकरच सुटली – कांद्यासारखी, थराथराने. ताकदीचा आकडा हवा त्याच्या पावपटही नाही.

मशीनचंच चुकलं असेल म्हणून पुन्हा शून्यावर आणलं. दुसरा तुकडा. तेच.

५ जून

नमुना नेहमी पाळीच्या पहिल्या पॅनेलच्या टोकाचा घेतात. का, तर आधीपासून तसं चालत आलंय. आणि पहिलं पॅनेल सगळे जीव ओतून मांडतात, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. म्हणून काल मधलंच एक पॅनेल उचललं आणि तेही मधोमध कापायला लावलं. करवतकाका हसले. म्हणाले, पदवीधर बाई, परीक्षेला न बसलेल्यालाच पेपर देता की तुम्ही.

आज त्यांनाच तुकडा दाखवला. ते लोकरीच्या लाद्यांच्या पट्ट्या कापतात, त्यांना एका नजरेत कळलं. दगडी लोकरीच्या लादीत धागे आडवे निजलेले असतात. पट्टी कापायची, कुशीवर वळवायची आणि मग पत्र्यावर ठेवायची, म्हणजे धागे उभे राहतात आणि दोन्ही पत्रे धरून ठेवतात. इथे एक पट्टी न वळवताच ठेवलेली. एरवी ही चूक होऊच शकत नाही, कारण उलटी पट्टी मापात बसत नाही. पण दहाची लादी आणि दहाचंच पॅनेल असलं की पट्टी चौकोनी. कशीही ठेवा, बसते. दहाची ऑर्डर वर्षातून एखादीच येते. काका म्हणाले, वर पत्रा बसला की ब्रह्मदेवालाही दिसायचं नाही.

६ जून

आणखी पाच पॅनेलं कापून पाहिली. चारांत आडव्या पट्ट्या. सगळ्या डाव्या बाजूला.

डावं टेबल आईचं आहे. अकरा वर्षं.

६ जून, संध्याकाळी

लोकरीचा चौकोनी तुकडा डब्याच्या पिशवीतून घरी आणला. आई नेहमीसारखी गार पाण्याने कोपरापर्यंत हात धूत होती. गरम पाण्याने धागे कातडीत रुततात, हे तिनेच मला शिकवलं. पट्टीची एक बाजू बोटाला धरते, दुसरी सरकते – हेही तिनेच. तिथे कुणी बघून पट्टी वळवत नाही, तेवढा वेळच नसतो. उजव्या हाताचा हातमोजा बोटांपुरता कापलेला असतो, बोटं सांगतात.

तुकडा तिच्यापुढे ठेवला. डोळे मिट आणि धाग्यांची टोकं कुठल्या बाजूला ते सांग, म्हटलं.

"शाळा घेतेस का माझी?" म्हणाली, पण डोळे मिटले. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग अंगठा. एवढा वेळ तिला कधी लागला नव्हता.

"ही," म्हणाली.

चुकलं होतं. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि तुकडा उलटा करून ठेवला.

मग विचारलं, केव्हापासून? थंडीपासून, म्हणाली. बोटांची टोकं मेल्यासारखी झालीत. मग माझा आवाज चढला. कळवायला नको का, आई? कागदावर द्यायचं असतं, म्हणजे जबाबदारी ठरते. तू बोलली नाहीस तर आम्हाला ऑफिसात कसं कळणार?

"हो बाई. चुकलंच माझं."

आणि भांडी घासायला बसली.

७ जून

अहवाल लिहिला नाही.

८ जून

आजही नाही. पॅनेलं कुठे जातात ते विचारून घेतलं. एका इस्पितळाच्या जिन्याभोवतीची भिंत. आग लागली तर लोकांनी ज्या जिन्याने उतरायचं, तो. आगीच्या बाजूचा गोंद जळतो, तेव्हा लोकर मागच्या पत्र्याला धरून ठेवायला उभे धागेच उरतात. निम्मा माल गेला आहे. भिंत अजून उभी राहिलेली नाही.

दादाला सांगितलं. तो गाडी पुसत होता. पुसतच म्हणाला, तुझ्या फीसाठी तिने त्या लोकरीत हात घातले, आता तूच ते कापणार का? मी म्हटलं, उद्या त्या जिन्यात कुणाची तरी आई असेल. तो म्हणाला, इथे आहे ती आधी बघ.

दोघांचं बरोबर असेल तर काय करायचं, हे कॉलेजात शिकवलं नाही.

९ जून

अहवाल दिला. दोन पानं. डावं टेबल, आडव्या पट्ट्या, मांडणारीच्या बोटांची टोकं बधिर, सगळा माल परत मागवावा. नाव लिहायची गरज नव्हती.

आईला आदल्या रात्रीच सांगितलं होतं. ती म्हणाली, अक्षर नीट काढ, साहेबांना चष्मा लागलाय.

११ जून

साहेबांनी दोघींना एकत्र बोलावलं. मी खुर्चीवर, आई उभी. खुर्ची दुसरी नव्हती. मी उठले तर ती डोळ्यांनीच म्हणाली, बस.

साहेब ओरडले नाहीत. मला शाबासकी दिली. मग आईला विचारलं, बोटांचं कुणाला सांगितलं होतंत का? सांगितलं असतं तर टेबल बदललं असतं, ही वेळ आली नसती.

"नाही, साहेब. राहून गेलं."

माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

निर्णय: परवापासून आईने यायचं नाही. सांगून झालं असतं तर चूक कंपनीची, न सांगता काम केलं म्हणून तिची. नियम स्पष्ट आहे. मला तो पटतो. पटतो म्हणून आणखी त्रास होतो.

१२ जून

गेलेला माल परत आला. उतरवून घेताना मोजला. एकही पॅनेल कमी नाही.

आई शेवटचा दिवस भरतेय. उजव्या टेबलावरची बाई तिला म्हणत होती, सुटलीस गं, आता खाजवायला दोन्ही हात मोकळे. दोघी हसल्या. मी माल उतरवायच्या फलाटाच्या या बाजूला उभी होते. जिना वाचला, असं स्वतःला सांगितलं. खरंच वाचला आहे.

दादा बोलत नाही. माझ्या आधीच जेवून उठतो.

१४ जून

चौकशीच्या फाइलला जोडायला, खालून आलेले आणि गठ्ठ्याने शिक्के मारून ठेवलेले मे महिन्याचे कागद काढत होते. त्यात वहीचं एक पान निघालं. आईचं अक्षर, मोठं मोठं, रेघेबाहेर गेलेलं: "दहाची आर्डर लागणार असं ऐकलं. माझ्या बोटांना धागा कळत नाही. तेवढे दिवस मला दुसरं काम द्यावं." तारीख २६ मे. खाली "मिळाले" असा शिक्का आणि त्यावर सही.

सही माझी आहे.

कागद घेऊन वर साहेबांकडे चालले आहे.