आपण की आम्ही

कॉव्हेंट्री, ९ सप्टेंबर १९९०

प्रिय बाबा,

नमस्कार. 'शिरसाष्टांग' नीट लिहिता येईल याची खात्री नाही, म्हणून साधाच. गुडघा कसा आहे? आईला सांगा, चकल्या वर्कशॉपमध्ये एका चहात संपल्या.

आम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या एका जुन्या स्पिटफायर विमानाला इंजिन बसवतोय. परवा ते पाहायला वॉल्टर नावाचे अमेरिकन गृहस्थ आले. १९४० साली अमेरिका युद्धात नव्हती. तरी हे घरी न सांगता कॅनडामार्गे इथे आले आणि ब्रिटिश हवाई दलात पायलट झाले. असे बरेच जण आले होते.

ते सारखे 'वी' म्हणत होते. मी विचारलं, "वी म्हणजे अमेरिकन की ब्रिटिश?"

"कोण विचारतंय, त्यावर आहे."

मी सांगितलं, मराठीत यासाठी दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला धरून 'आपण', त्याला सोडून 'आम्ही'.

ते म्हणाले, "मग माझ्या वडिलांशी मला दुसराच वापरावा लागला असता." त्यांच्या वडिलांचं म्हणणं होतं, ही दुसऱ्यांची लढाई आहे. पाच वर्षं ते बोलले नाहीत.

पुढे अमेरिका युद्धात उतरली आणि यांनी गणवेश बदलला. पण छातीवरचा ब्रिटिश पायलटचा पंखांचा बिल्ला काढला नाही. डावीकडे अमेरिकन, उजवीकडे ब्रिटिश. तसेच घरी परतले. वडील स्टेशनवर आले होते. त्यांनी उजव्या बिल्ल्यावरची काजळी अंगठ्याने पुसली.

"आणि मग?"

"मग म्हणाले, गाडी बाहेर आहे. चल."

बाबा, गेल्या रविवारी फोनवर मी म्हटलं, "आम्हाला लगेच आखातात पाठवणार नाहीत." तुम्ही विचारलंत, "आम्ही म्हणजे कोण?" मला वाटलं, व्याकरण सुधारताय. मग तुम्ही म्हणालात, "दुसऱ्यांच्या लढाईत आपण कशाला?" आणि फोन आईकडे दिलात.

इथल्या हवाई दलात इंजिनियर ऑफिसर व्हायला मी अर्ज केलाय, एवढंच तुम्हाला ठाऊक होतं. निवड झाली आहे. शपथही शुक्रवारी घेतली. आधी सांगितलं असतं तर तुम्ही थांबवायला आला असतात, आणि मी थांबले नसते. हे काम मला येतं, बाबा. तुम्ही पुण्याहून इथे वॉर्डात काम करायला आलात, तेव्हा तेही दुसऱ्यांचेच रुग्ण होते.

पण तुमच्या त्या 'आपण'मध्ये मी होते. ते माझ्या लक्षात आलं आहे.

प्रशिक्षण संपल्यावरची परेड मार्च महिन्यात आहे, लिंकनशायरला. पिनरच्या आपल्या घरून गाडीने तीनेक तास. आलात तर काही बोलायलाच हवं असं नाही. गाडी बाहेर उभी असली तरी पुरे.

पत्राखाली 'आपली' लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत. आजवर नुसती पद्धत म्हणून लिहीत आले. आज अर्थ बघून लिहितेय.

आपली,
मधुमती