सालगड्यांच्या ओळीतली शेवटची खोली

बाबा, तुम्ही जन्मलात ती खोली अजून उभी आहे. उमरेड रोडवर, हुडकेश्वरच्या पुढे, मालगुजारांच्या संत्र्याच्या बागेत. बाग आता राहिलेली नाही, तिथे लग्नाचं लॉन झालंय. सालगड्यांच्या खोल्यांची ती अख्खी ओळ पडली. एवढी एकच वाचली, कारण तिच्यात फवारणीचे पंप आणि संत्र्याची खोकी ठेवत होते. जपायची म्हणून कुणी जपली नाही.

मी सातवीत असताना तुम्ही मला सायकलवर तिथे नेलं होतं. कुंपणाबाहेरूनच दाखवलंत. मी दाराकडे पळाले, तसे तुम्ही ओरडलात, "आत नको जाऊ वं!" इतक्या मोठ्याने तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हतात. परत येताना एवढंच म्हणालात, "माह्यामुळं माह्या बाले ते घर सोडा लागलं." पुढे मी काही विचारलं नाही. तुमची पाठ तेव्हा विचारू देत नव्हती.

मागच्या महिन्यात मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंच्या मुलीचं लग्न त्याच लॉनवर होतं. मी ताट घेऊन वळते तर समोर ती खोली. भिंतींवर पांढरी चित्रं, दाराशी सिमेंटचा बैल, वर पाटी : 'आनंदी शेतकऱ्याची झोपडी'. पोरंपोरी फोटो काढताहेत. ताट ठेवलं आणि लॉनच्या मालकाला शोधलं. मालगुजारांचा नातू, चाळिशीचा, बोलायला साधा. मी म्हटलं, "माझे वडील या खोलीत जन्मले. ही शेतकऱ्याची झोपडी नाही. तुमच्या आजोबांच्या सालगड्याची खोली आहे." आजूबाजूची माणसं बघायला लागली होती. तो म्हणाला, "मॅडम, मले खरंच माहीत नव्हतं. घरी कोनी बोललंच नाही. आता काय लिहू तिथं, तुम्हीच सांगा." मला तरी कुठे नीट माहीत होतं? म्हणून पुढच्या रविवारी उमरेडहून आत्याला घेऊन आले.

आत्या वाकली आणि आपल्याच घरात शिरावं तशी आत गेली. चूल कुठे होती, तुम्हाला झोळीत कुठे टांगायचे, सगळं हाताने दाखवलं. आजोबा दर पाडव्याला नवं साल धरायचे, म्हणजे वर्षभराची चाकरी पत्करायचे, त्याच मालकाकडे, त्याच खोलीत. मालगुजार हाक मारेल तेव्हा उठायचं, तापात असलं तरी. पोरगा हाताशी आला की त्याने बापाच्या मागे उभं राहायचं, हेही ठरलेलंच. तुम्ही तसे उभे राहिला नाहीत, नागपुरात वसतिगृहात शिकायला पळालात, म्हणून मालगुजारांनी आजोबांना हाकलून दिलं, असं तुमच्या त्या एका वाक्यावरून मी समजून होते. मी तसं म्हटलं, तर आत्या गर्रकन वळली.

"कोनी सांगतलं वं तुले हे?"

"बाबांनीच."

"हाकललं? कोनाची हिंमत! तुहा बाप पळाल्यावर मालगुजाराचा दिवाणजी आला होता त्याले कामावर न्याले. बा दारात उभा राहिला. म्हणे, साल मी धरलं, पोरानं नाही धरलं. पाडवा आला तशी गठडी बांधली अन् निघाला. उमरेडले मागावर बसला, धोतरं विणली मरेपर्यंत. त्याले कवाचं निघाचं होतं. तुहा बाप तर निमित्त झाला."

"मग बाबांना का नाही सांगितलं?"

"त्यानं कधी इचारलंच नाही. उमरेडच्याच एसटीवर कंडक्टर होता, याचा, चहा पेचा, घंटी वाजवाचा अन् जाचा. मले काय मालूम तो हे मनात घेऊन बसून राहिला!"

मी मातीच्या भिंतीला टेकून बसले. हसू येत होतं की रडू, तेच कळेना. नातू दाराबाहेर उभा राहून ऐकत होता. त्याने बैल उचलून नेलाय. पाटीवर आता सालगडी हा शब्द आहे, आणि इथला एक माणूस आपल्या पायांनी निघून गेला, हेही आहे. मालगुजारांचं, म्हणजे स्वतःचं, आडनाव मात्र लिहू नका म्हणाला. मी ठीक आहे म्हटलं. मला पाटीवर आपलं आडनाव पुरे होतं.

बाबा, आजोबांना तुम्ही घालवलं नाहीत. ते सुटले, तुमच्या मागोमाग. तुम्ही होतात तोवर तुम्हाला हे कळायला हवं होतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा एक सांगूनच टाकते. आत्याला सोडून येताना बसमध्ये मला तुमचा रागच आला. एक प्रश्न विचारायचा होता फक्त, सख्ख्या बहिणीला. घरी आले, चपला काढल्या आणि तशीच आडवी झाले. दिवेलागणीला उठले तेव्हा राग कुठेच नव्हता. कडकडून भूक मात्र लागली होती.