साहेबाचा खारा मासा

१३ जानेवारी २००३, सोमवार

माझे खारे बांगडे शीलाने कचऱ्यात टाकले. आठ होते. देवगडहून तीन पिशव्यांत बांधून, कस्टमवाल्याच्या नाकाखालून इकडे अरबांच्या देशात आणलेले! विचारलं तर म्हणते, "आई, पूर्वाच्या मैत्रिणी येणार होत्या. घरभर वास." वास! त्याच वासावर तुझा नवरा शिकला, बाई. पण सून दिवसभर ऑफिसात राबून येते, तिच्याशी किती भांडायचं? आणि माझ्यातही दम नाही.

उद्या संक्रांत. तीळ सांगून सांगून थकले.

१५ जानेवारी

गुडघे. दुसरं काही नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. प्रशांत दुपारपर्यंत झोपला. आठवडाभर रुसैलच्या कारखान्यात मशिनी खोलतो, झोपू दे.

पूर्वाला शाळेत रेखा मिसने काम दिलंय. या देशात येऊन पुस्तक लिहून गेलेल्या माणसाविषयी वीस पानं लिहायची. तेरा वर्षांच्या पोरीला वीस पानं! तिला लायब्ररीत एक साहेब सापडला. थॉर्नबी. सव्वाशे वर्षांपूर्वीचा इंग्रज. मासे, खेकडे, शिंपले बघायला म्हणून आला आणि खाबुऱ्याच्या किनाऱ्यावर अकरा वर्षं राहिला. मी म्हटलं, "कामधंदा काय करायचा?" "तेच काम, आजी. बघायचं आणि लिहायचं." बरं आहे!

भर उन्हात काळा लोकरी कोट घालायचा म्हणे. वाळूवर ओढलेल्या फुटक्या होडीत झोपायचा. खेकड्यांना सकाळी बिस्किटं, प्रत्येकाला वेगळं नाव. एक मेला तर त्याला पुरून वर दगड ठेवला, दगडावर तारीख. घरी एक बहीण. तिला दर वर्षी पत्र – पुढच्या हंगामात नक्की येतो. गेला नाही तो नाहीच. पूर्वा हसत होती. मला नाही हसू आलं. प्रशांतही मला असंच सांगतो – आई, एप्रिलमध्ये देवगडला पाठवतो, नक्की.

२० जानेवारी

आज चित्र बघितलं. साहेबाने शेवटच्या वर्षी नवा मासा शोधला, त्याला बहिणीचं नाव दिलं. पूर्वा वाचून सांगते, "आजी, हा मासा परत कोणालाच नाही मिळाला. मिस्ट्री आहे." चष्मा लावला. पसरट मासा. दोन डोळे दोन कडांना. अंगाची एक बाजू जाड, एक बारीक. अंगभर पांढरे ठिपके – आकाशातल्या चांदण्यांसारखे, असं लिहिलंय. डोळ्याजवळ भोक. तो म्हणे त्याचा कान!

मी इतकी हसले की ठसका लागला.

अगो, हा बांगडा! पाठीतून चिरून उघडलेला, डोक्यासकट. काटा एका बाजूला राहतो म्हणून ती बाजू जाड. चांदण्या कसल्या, मीठ ते! आणि भोक सुतळी ओवायचं. चाळीस वर्षं बंदरावर हेच केलं मी. झोपेत दाखव, ओळखीन. म्हाताऱ्याचे डोळे गेले असणार, बहिणीचं नाव ठेवायला मासा हवा होता, मिळेल तो घेतला.

पूर्वा गंभीर. "पण आजी, त्याने लिहिलंय, मी एकट्याने जाळं टाकून पकडला."

"समुद्रात बांगडे चिरून, खारवून पोहतात काय गो?"

म्हणजे कुणा मासे खारवणाऱ्या बाईकडून विकत घेतला. आणि पुस्तकातून बाईला पुसून टाकलं. मेला चोर.

२१ जानेवारी

पूर्वा म्हणते, हे लिहिलं तर मिस विश्वास नाही ठेवणार. "का?" "कारण तू... " "मी काय?" "काही नाही."

कळलं मला. न कळायला काय झालं.

२३ जानेवारी

सीबच्या सूकमधून, म्हणजे बाजारातून, प्रशांतकडून बांगडे आणवले. चिरले, मीठ भरलं, गच्चीवर टाकले. मजीद वॉचमन जिना चढून वर आला. "अम्मा, खुदा का वास्ता, पूरी बिल्डिंग में बास है!" मी म्हटलं, "बेटा, चार दिन. स्कूल का काम है." बिचारा डोकं धरून गेला. संध्याकाळी आला आणि हळूच विचारतो, "अम्मा, एक मेरे लिए?" असे असतात वासाला नावं ठेवणारे.

शीला तेव्हापासून बोलत नाही. शांतता आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार

प्रशांतला उठवलंच आज. "यल्ला, चल ऊठ," म्हटलं. त्याच्याच तोंडचं! खाबुऱ्याला गेलो. बाजारात भिंतीच्या सावलीला एक म्हातारी, तोंडावर बुरखा, पुढ्यात सुके मासे. सुतळीत ओवलेले. डोळ्याजवळ भोक – चित्रात होतं तिथेच! मी पूर्वाचा हात दाबला. पोरीने डोळे एवढे मोठे केले.

म्हातारीला माझी भाषा येईना, मला तिची. मी बोटाने पाठीवर चीर दाखवली, मग पोटावर. तिने पोटाला नाही म्हणून मान हलवली, पाठीला हो. माझा हात उलटा करून बघितला. मिठाने बोटं फाटतात त्याच्या रेषा जात नाहीत. तिने स्वतःचा दाखवला. तशाच.  पूर्वाने फोटो काढला.

येताना गाडीत मी सांगून ठेवलं, "लिहिणार असशील तर कुणी सांगितलं तेही लिही. नाव घाल. नाहीतर तुझ्यात आणि त्या साहेबात काय फरक?" "घालते, आजी. प्रॉमिस." बाहेर बघत म्हणाली.

४ फेब्रुवारी

आमचा बांगडा आणि साहेबाचं चित्र शेजारी शेजारी ठेवून पूर्वाने फोटो चिकटवला. हुबेहूब. शीलासुद्धा बघून म्हणाली, "अय्या, खरंच की!" पहिल्यांदा बोलली बारा दिवसांत.

वीस पानं इंग्रजीत. मला काय कळतंय. शेवटच्या पानावर माझं नाव बोटाने दाखवलं. अक्षरं मोजली. छान दिसतं इंग्रजीत.

५ फेब्रुवारी

दिलं शाळेत.

९ फेब्रुवारी

पंचवीसपैकी पंचवीस! रेखा मिसने सगळ्या वर्गासमोर वाचलं. पूर्वा उड्या मारत आली, मला मिठी मारली, मग लगेच खोलीत गेली आणि दार लावलं. जेवायला आली नाही. एवढा आनंद झाला तर जेवत का नाही? विचारलं नाही. दमले मी. कुणाचं काय चाललंय हे विचारायलासुद्धा आता अंगात बळ लागतं.

१२ फेब्रुवारी

मिसची चिठ्ठी आली. प्रशांतने मोठ्याने वाचली आणि मध्येच थांबला. 'सायन्सच्या प्रोफेसर रखमाबाई यांनी' शनिवारी वर्गात येऊन मुलांशी बोलावं. प्रोफेसर! माझ्या नावापुढे इंग्रजीत पूर्वाने तेच घातलं होतं तर. आणि मी अक्षरं मोजत बसले.

पूर्वा रडते आहे. शीला म्हणते, येतील म्हणून कळवू, आई तिथे काही न बोलता नुसत्या हसतील. प्रशांत म्हणतो, आई आजारी आहे असं लिहितो.

मी सांगितलं, दोघांनी पेनाला हात लावायचा नाही. चिठ्ठी पूर्वाच्या नावाने आहे, उत्तर पूर्वाच देणार. तिच्या अक्षरात, मिसला – आजी तिसरी शिकलेली, देवगडच्या बंदरावर मासे सुकवायची. एवढं लिहिलं तर शनिवारी मी येईन, बांगडे घेऊन.